पट्ट्याचं सातवं भोक

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हाताला घड्याळ बांधलेलं मी कधी पाहिलं नाही. ते मिलमध्ये टाइमकीपर होते. कामगार किती वाजता आत आला, किती वाजता बाहेर पडला हे लिहून ठेवणं हेच त्यांचं जन्मभराचं काम, आणि तरी त्यांचं डावं मनगट मोकळं. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "भिंतीवर येवढं मोठं घड्याळ हाय की. हातात आणि कशाला?" त्यामुळे ते गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत, जुन्या मफलरच्या घडीत एक मनगटी घड्याळ निघालं, तेव्हा मी आणि माझा धाकटा भाऊ एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

दोन हजार साल उलटून एक-दोन वर्षं झाली होती. दिवसकार्य आटपलं होतं, पाहुणे गेले होते. भाऊ पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता, त्यालाही दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. त्यानं घड्याळ उजेडात धरलं. गोल, लहानसं, कडेचं सोनेरी पाणी उडून आतला पांढरा धातू दिसत होता. डायलवर परदेशी नाव होतं. पट्टा काळपट तपकिरी, कडा उसवलेल्या.

"ताई, असली जुनी स्विस घड्याळं इंटरनेटवर लाखालाही जातात," तो म्हणाला. "कुणाला तरी दाखव. किंमत तरी कळू दे."

त्याला पैशाची हाव होती असं नाही. वडील गेल्यावर आपण काहीतरी करायला हवं, आणि काय करायचं ते कळत नाही, अशा माणसाला एखादं काम सापडल्यासारखं ते होतं. ते काम त्यानं माझ्यावर सोपवलं आणि तो गेला.

मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. वय एक्केचाळीस, लग्न झालेलं नाही. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या दोन खोल्यांत मी आणि आप्पा वीस वर्षं दोघंच राहिलो. आम्ही फार बोलत नसू. दूध आलं का, पाणी भरलं का, कुणाचं पत्र आहे का, अशी दिवसाची दहा-बारा वाक्यं. मोतीबिंदूनंतर त्यांना वाचायला त्रास व्हायचा म्हणून संध्याकाळी मी पेपर मोठ्यानं वाचून दाखवायची. ते गेल्यावर पहिल्या आठवड्यात एकदा मी सवयीनं मोठ्यानं वाचायला लागले आणि बातमीच्या मध्यावर थांबले. त्यानंतर पेपर बंदच केला. शाळा सुटली तरी मी स्टाफरूममध्ये वह्या तपासत बसायची. शिपाई किल्ल्या वाजवत दारात उभा राहिला की उठायची.

घड्याळ दाखवायला पहिल्यांदा राजारामपुरीतल्या एका मोठ्या दुकानात गेले. आत एसी, काचेची कपाटं. काउंटरवरच्या पोरसवदा माणसानं घड्याळ दोन बोटांत धरलं.

"मॅडम, हे लेडीज आहे. साइज बघा की. ह्याचे पार्ट आता मिळायचे नाहीत. बॅटरीचं दाखवू?"

मी नको म्हणून बाहेर आले. रस्त्यावर आल्यावर ते एकदम लक्षात आलं. लेडीज घड्याळ, म्हणजे आईचं. दुसरं कुणाचं असणार?

आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते, भाऊ तीनचा. छातीच्या आजारानं मिरजेच्या दवाखान्यात गेली, एवढंच आम्हाला माहीत. तिचा एकच फोटो होता, लग्नातला, त्यातही मुंडावळ्यांमुळे निम्मा चेहरा झाकलेला. आप्पा तिच्याबद्दल बोलत नसत आणि आम्हीही विचारत नसू. आता चाळिशी ओलांडल्यावर अचानक तिची एक वस्तू माझ्या हातात होती, तिच्या अंगाला लागलेली. आठ दिवस मी ते घड्याळ उशाशी घेऊन झोपले. तिनं ते कधी घातलं असेल, कुठल्या साडीवर, याची चित्रं मनाशी रंगवली. शाळेतल्या एका बाईंना सांगूनही टाकलं, की आमच्या आईचं घड्याळ सापडलं.

त्याच बाईंनी महाद्वार रोडच्या मागच्या बोळातल्या घड्याळजींचं नाव सुचवलं. जुनं काम त्यांनाच कळतं म्हणाल्या. शनिवारी आमची शाळा सकाळची असते, त्यामुळे दुपारी मी तिकडे गेले. दुकान म्हणजे दोन घरांच्या मधला दरवाजाएवढा खण. रस्त्यापासून हातभर उंचीवर ते मांडी घालून बसलेले, पुढ्यात काचेची लाकडी पेटी, वर दिवा. सत्तरी ओलांडलेला, किरकोळ अंगाचा माणूस. सगळे त्यांना मामा म्हणत. मीही मामाच म्हणाले.

त्यांनी घड्याळ बघितलं नाही. आधी चावीला दोन वळसे दिले आणि कानाला लावलं.

"कोण वापरत हुतं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही. वडिलांच्या ट्रंकेत पडून होतं. वर्षानुवर्षं."

"न्हाय बाई." त्यांनी मान हलवली. "नुसतं पडलेलं घड्याळ असं बोलत न्हाय. आतलं तेल वाळून डिंक हुतोय त्येचा. ह्याला कोणतरी येळच्या येळी तेल घालत आलंय."

त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, सुरीसारख्या पात्यानं मागचं झाकण उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिले. मग झाकण माझ्यापुढे धरून, भिंग माझ्या हातात दिलं. आतल्या चकचकीत बाजूवर केसाएवढ्या बारीक रेघांनी काहीतरी कोरलेलं होतं.

"आम्ही कारागीर घड्याळ खोललं की आतनं सुईनं खूण करतो. आपली निशाणी आणि महिना-साल. परत आलं तर कळावं, कुणी हात लावलाय त्ये. ह्यात अकरा खुणा हाईत. पैल्या दोन येगळ्या हाताच्या. बाकीच्या नऊ एकाच माणसाच्या."

"तुमच्या?"

"माझ्या न्हवं. पापाच्या तिकटीजवळ एकजण बसायचा, त्येची ही निशाणी. गेला त्यो गेल्या साली." त्यांनी भिंग परत लावून झाकण दिव्याखाली फिरवलं. "तीन-चार वर्साला एक खूण. एकोणसत्तरपास्नं धरा. शेवटची दोन वर्सामागची."

मी हिशेब केला. दोन वर्षांपूर्वी आप्पा सत्तरीचे होते, काठी घेऊन चालत होते. "जरा तिकटीवर जाऊन येतो," असं ते अधूनमधून म्हणायचे खरं. मला वाटायचं, पान खायला जात असतील.

"म्हणजे आईच्या घड्याळाची त्यांनी एवढी काळजी घेतली," मी म्हणाले.

मामांनी भिंग काढून माझ्याकडे बघितलं. "आईचं कसं? ह्ये जंटस हाय."

"दुकानात तर लेडीज म्हणाले."

"त्येनी आताची बघितल्यात, वाटीएवढी. त्या काळात पुरुषांची घड्याळं ही अशीच असायची. लेडीज म्हंजे चिंचोक्याएवढं, पट्टा दोरीसारखा. ह्येची कानं बघा, जिथं पट्टा आडकतो ती. येवढा रुंद पट्टा लेडीजला बसत न्हाय. पन्नास-पंचावन्न सालच्या आसपासचं जंटस हाय ह्ये. खात्रीनं."

मी घड्याळ घ्यायला पुढे केलेला हात मागे घेतला. काय झालं ते त्यांना कळलं नसेल, पण काहीतरी झालं एवढं कळलं असावं, कारण त्यांनी घड्याळ मिटून बाजूला ठेवलं आणि समोरच्या हॉटेलात दोन चहा सांगितले. घरी येऊन मी घड्याळ उशाशी न ठेवता पुन्हा ट्रंकेत ठेवलं. आठ दिवस जिच्याजवळ झोपले ती तिथं नव्हतीच, असं काहीसं वाटत होतं. आणि शाळेतल्या बाईंना आता काय सांगायचं, याचीही लाज वाटत होती.

पण पुढच्या शनिवारी मी परत गेले. किंमत विचारायची राहिली होती ना, असं स्वतःला सांगत गेले. मामांनी त्या दिवशी डायल दाखवली. जुन्या घड्याळाची डायल पुष्कळदा परत रंगवलेली असते, तेव्हा अक्षरं जाड होतात, एका ओळीत बसत नाहीत. ही अस्सल होती, डागाळलेली, पण कुणी हात न लावलेली. त्याच्या पुढच्या शनिवारी मशीन दाखवलं. सतरा ज्वेलचं. दिव्याखाली त्यातले तांबडे खडे डाळिंबाच्या दाण्यासारखे दिसत होते. मधलं चाक डावी-उजवीकडे झुलत होतं, आणि ते बघता बघता मला गुंगी आल्यासारखं झालं.

खरं तर हे सगळं त्यांना एका तासात सांगता आलं असतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. त्यांची बायको दोन वर्षांपूर्वी गेली होती. मुलगा या धंद्यात आला नाही, आणि आला नाही तेच बरं केलं, असं ते म्हणायचे. दुपारभरात गिऱ्हाईक आलंच तर सेल बदलायला येई. मी गेले की ते खालून एक लाकडी स्टूल काढून बोळात मांडत. कोणी कुणाला 'बरं वाटलं तुम्ही आलात' असं म्हटलं नाही. चौथ्या शनिवारी मात्र मला शाळेच्या मीटिंगमुळे उशीर झाला, तर स्टूल आधीच मांडून ठेवलेलं होतं.

त्याच दिवशी तिथे पुण्याचा एक माणूस आला होता. जुनी घड्याळं विकत घेऊन, साफसूफ करून बाहेरदेशी विकणारा. दर दोन-तीन महिन्यांनी कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली असा फिरायचा. मामांनीच त्याला माझं घड्याळ दाखवायला सांगितलं. "खरी किंमत ह्योच सांगंल. मी आपला दुरुस्तीवाला."

त्यानं खिशातून स्वतःचं भिंग काढलं. माणूस सभ्य होता, बोलणं स्वच्छ. "मशीन चांगलं ठेवलंय. डायल ओरिजिनल आहे, पण डाग आहेत. केसवरचं सोन्याचं पाणी उडालंय. मुख्य म्हणजे हे दुर्मीळ नाही, बाई. त्या काळी लग्नात जावयाला द्यायला हेच घड्याळ घ्यायचे लोक. घरोघर सापडतं. मी दोन हजार देईन. दुसरा कुणी एवढे देणार नाही."

बोलता बोलता त्यानं दोन्ही बाजूंच्या पिना सरकवून पट्टा काढला आणि मामांच्या पेटीशेजारच्या केराच्या डब्यात टाकला. "पट्टा काही कामाचा नाही."

मी म्हणाले, "भावाला विचारावं लागेल." खरं तर भावानं मला कधीच काही विचारायला लावलं नसतं. पण तो पट्टा डब्यात पडला त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही. तो माणूस आपलं कार्ड ठेवून गेला.

मामांनी डब्यातून पट्टा काढला, सदऱ्याला पुसला आणि परत बसवण्यासाठी हातात घेतला. मग थांबले. भिंग लावून उलटसुलट करून बघितलं.

"बाई, ह्ये मी आधी बघितलं न्हाय," ते म्हणाले. "ह्याची सहा भोकं मशीनवर पाडल्यात, गोल, साफ. ह्ये सातवं बघा, पार आतल्या अंगाला. ह्येच्या कडा जळल्यात. कुणीतरी घरात काहीतरी तापवून पाडलंय."

त्यांनी पट्टा वाकवून दाखवला. चामड्यावर बकलाच्या दोनच वळ्या होत्या, एक तिसऱ्या भोकाशी आणि दुसरी सातव्याशी.

"दोन माणसांनी घातलंय ह्ये. एकाचा हात चांगला मर्दाचा. दुसऱ्याचा लई बारीक. इतका बारीक हात लहान पोराचा असतोय, न्हायतर आजारी माणसाचा. तुमच्या घरात कोण हुतं का असं?"

मी पट्टा परत बसवून मागितला आणि घरी निघाले.

रात्री भावाला फोन करून किंमत सांगितली. तो हसला. "दोनच हजार? मग राहू दे ताई, ठेव तू." पट्ट्याचं मी त्याला सांगितलं नाही. एकदा आईचं घड्याळ म्हणून मी तोंडघशी पडले होते, परत पडायचं नव्हतं.

हे सांगू शकेल असं एकच माणूस जिवंत होतं. आईची थोरली बहीण, गडहिंग्लजला. आईचं माहेर सीमेकडचं, घरात निम्मं कानडी, म्हणून आम्ही तिला दोड्डव्वा म्हणत असू. आई गेल्यावर तिच्या माहेरच्यांनी आप्पांना दुसरं लग्न करायला सांगितलं होतं, धाकटी बहीण होती तिच्याशी. आप्पा नको म्हणाले. मग जाणं-येणं कमी होत होत लग्नपत्रिकांपुरतं उरलं. दोड्डव्वाला मी सहा-सात वर्षांत पाहिलंही नव्हतं. आप्पांच्या मातीला तिचा मुलगा एकटा येऊन गेला होता.

दिवाळीच्या सुट्टीत एसटीनं निघाले. कागल, निपाणी करत गाडी गडहिंग्लजला पोचली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. दोड्डव्वा सोप्यात भिंतीला टेकून शेंगा फोडत बसली होती. पंच्याहत्तरीची, दात नाहीत, नजर चांगली. मला तिनं लगेच ओळखलं आणि आधी रागावली. "आत्ता आठवली व्हय मावशी?" मग सुनेला हाक मारून चहा टाकायला सांगितला.

मी पिशवीतून घड्याळ काढून तिच्या हातात दिलं. तिनं डायल बघितलीच नाही. पट्टा उलगडला, त्यावरून अंगठा फिरवत आतपर्यंत नेला आणि सातव्या भोकावर थांबवला.

"ह्ये मी पाडलंय," ती म्हणाली.

मी तिच्या शेजारी जाजमावर बसले. ती सावकाश बोलत होती, मध्येच कानडीत शिरत होती, परत मराठीवर येत होती.

आई मिरजेला चार महिने होती. सोबतीला दोड्डव्वा. दवाखान्याच्या व्हरांड्यात पेशंटचे लोक स्टोव्ह मांडून स्वयंपाक करायचे, तशी तीही करायची. आप्पांची सकाळची पाळी. ती सुटली की ते तसेच स्टेशनवर जाऊन मिरजेची पॅसेंजर धरायचे आणि पाचच्या सुमाराला वॉर्डात पोचायचे. तासभर बसून परतीच्या गाडीनं कोल्हापूर.

"रोज?" मी विचारलं.

"रोज. पाऊस असू दे, काय असू दे. आणि माझी तंगी..." तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण, इथे माझी आई. "माझी तंगी दुपारी बारापास्नं सगळ्यांस्नी इचारत बसायची, किती वाजलं? किती वाजलं? नर्स वैतागायच्या. शेजारची बाई वैतागायची. वॉर्डात घड्याळ हुतं, पर तिच्या खाटंवरनं दिसत न्हवतं. मग एक दिस तुझ्या आप्पानं आपल्या हातातलं काढलं आणि तिच्या हातात बांधलं. आमच्या वडलांनी लग्नात जावयाला दिल्यालं त्ये. तर त्ये कोपरापतोर घसरलं. हात ऱ्हायलाच न्हवता तिचा. मग मी डोसक्यातला आकडा काढला, स्टोव्हवर लाल केला आणि भोक पाडलं."

"मग?"

"मग काय. मग ती कुणाला इचारंना झाली. आपली आपण बघायची. साडेचार झालं की म्हणायची, अक्का, केस इंचर."

सूनबाई चहा घेऊन आली, ठेवून गेली. दोड्डव्वानं बशीत ओतून घेतला, पण प्यायली नाही.

"सकाळी धाच्या सुमाराला गेली ती. डाक्टरनं मिलमधी फोन लावला. पर गाडी हुती ती दुपारचीच. त्यो त्याच गाडीनं आला, रोजच्या येळंला. मी घड्याळ काढून ठेवलं हुतं, त्याच्या हातात दिलं. त्यानं खिशात घातलं. त्येच्या हातात परत कधी बघितलं न्हाय मी."

मी म्हणाले, "दोड्डव्वा, आम्हाला हे कुणी सांगितलं नाही."

"त्योच म्हणला, पोरं ल्हान हाईत, सांगू नगा." ती म्हणाली. मग माझ्याकडे सरळ बघून, अजिबात आवाज न चढवता म्हणाली, "मग तुम्ही मोठी झालासा. मग कोण इचारलंसा?"

मी तिच्यापुढच्या शेंगा ओढून फोडायला लागले.

परतीच्या गाडीत मला रडू आलं नाही, राग आला. वीस वर्षं आम्ही दोन खोल्यांत राहिलो. मी शेजारच्या खोलीत वह्या तपासत होते आणि हा माणूस तीन-तीन वर्षांनी गुपचूप उठून तिकटीवर जात होता. त्या कारागिरानं घड्याळ उघडलं, आत खूण केली, मिटलं. आप्पा त्यालाही काही बोलले नसतील. पण त्याच्यापुढे घड्याळ तरी ठेवत होते. माझ्यापुढे तेवढंही ठेवलं नाही. मग मी आठवायला लागले की मी तरी त्यांच्यापुढे काय ठेवलं होतं. पंचविशीत एक स्थळ जुळत आलं होतं, मला ते मनापासून हवं होतं, ते मोडलं. आप्पांनी विचारलं, "वाईट वाटलं का?" मी म्हणाले, "नाही." त्यांनी पेपर उघडला आणि मी स्वयंपाकघरात गेले. दूध आलं का, पाणी भरलं का, यापलीकडे आम्हा दोघांनाही जाता येत नव्हतं. मला वाटत होतं, ते एकटे राहिले कारण त्यांना कुणी लागत नव्हतं. त्यांनाही माझ्याबद्दल तेच वाटत असेल.

भावाला त्या रात्री फोनवर सगळं सांगितलं. लाइन कट झाली असं वाटून मी दोनदा हॅलो म्हणाले.

"रोज जायचे?" त्यानं विचारलं.

"रोज. चार महिने."

"बरं," म्हणाला, आणि फोन ठेवला. पुढच्या शनिवारी तो आला. एकटाच, बायकामुलांशिवाय, लग्नानंतर पहिल्यांदा. जेवण झाल्यावर त्यानं घड्याळ मागितलं आणि हातात बांधलं. तिसऱ्या भोकावर बकल नेमकं बसलं. थोडा वेळ हात मांडीवर ठेवून बसला, मग काढून माझ्याकडे दिलं आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. बराच वेळ नळ चालू होता. मी आत गेले नाही. जायला हवं होतं, असं नंतर वाटलं. सकाळी मी त्याला स्टँडवर सोडायला गेले, तेवढंही एरवी जात नसे.

मामांना मी सगळं सांगितलं. ते डोळ्याचं भिंग कपाळावर सरकवून ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "तीन वर्सानी घेऊन या. साफ करून देतो. तवर मी असलो तर." त्या पुण्याच्या माणसाला त्यांनीच निरोप दिला, की घड्याळ विकायचं नाही.

किंमत कळली होती, घड्याळ कुणाचं तेही कळलं होतं. आता मामांकडे जायला कारण उरलं नव्हतं. मी दोन शनिवार गेले, नुसती. तिसऱ्या खेपेला शेजारचा दुकानदार हसून काहीतरी पुटपुटला ते मी ऐकलं, आणि मग आठवड्यावरून महिन्यावर आले. मग परीक्षा आल्या, जनगणनेसारखी कसली कसली कामं आली. दीड वर्षानं गेले तेव्हा त्या खणात मोबाइलचं रिचार्ज मिळत होतं. मामा मुलीकडे इचलकरंजीला गेले म्हणाले. पत्ता कुणाकडे नव्हता, आणि मी तो कधी मागून घेतला नव्हता.

गडहिंग्लजला मात्र जात राहिले. महिन्यातून एकदा, शनिवारी दुपारी निघून रविवारी परत. दोड्डव्वा आईच्या गोष्टी सांगायची. आईला शेंगदाण्याची चटणी लागायची, आई चिडली की कानडीत बोलायची, आईला मोजमाप करून शिवलेलं पोलकं कधी बसलं नाही. आतापर्यंतच्या आयुष्यात आईबद्दल ऐकलं नव्हतं तेवढं मी पुढच्या चार वर्षांत ऐकलं. काही गोष्टी ती दोनदा सांगायची, दरवेळी थोड्या वेगळ्या. मी तिला दुरुस्त करत नव्हते. शेवटच्या वर्षात ती मलाच तंगी म्हणायला लागली. सून म्हणायची, "अहो, ही त्यांची पोरगी." दोड्डव्वा मान डोलवायची आणि परत तंगी म्हणायची. मी ओ द्यायची.

ती गेली तो ऊस तोडणीचा हंगाम होता. सकाळी फोन आला, शाळेत रजा टाकून मिळेल त्या गाडीनं गेले. माती झाली. संध्याकाळच्या आत परतीची गाडी धरली, कारण तिथं आता रात्र काढण्यासारखं माझं कुणी नव्हतं. मुलगा-सून चांगली होती, पण ती तिच्या घरची.

गाडीत माझ्या शेजारी डोक्यावर पदर घेतलेली एक बाई बसली होती, मांडीवर पिशवी. तिनं माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडे एकदा बघितलं, परत बघितलं. रस्त्यावर उसाच्या गाड्या होत्या, एसटी मुंगीच्या पावलानं चालली होती.

"मातीला गेलतासा?" तिनं विचारलं.

"हो."

"कोण हुतं?"

"आईची थोरली बहीण."

"वय झालतं?"

"झालं होतं."

तिनं पिशवीत हात घालून फडक्यातली भाकरी काढली, तिची दोन शकलं केली, वर झुणका ठेवून एक माझ्या हातात दिलं.

"खावा. सकाळपास्नं पोटात काय गेलं नसंल."

मी नको म्हणाले. तिनं हात मागं घेतला नाही. मग मी घेतलं आणि खिडकीकडे तोंड करून खाल्लं. निपाणी येईपर्यंत ती आपल्या म्हशीबद्दल बोलत होती आणि मी ऐकत होते.